विषुववृत्ताजवळ गोठलेलं रताळं

२०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये इंडोनेशियातल्या पापुआहून एक बातमी आली होती. पुंचाक जिल्ह्यातल्या आगांदुगुमे आणि लांबेवी या डोंगरी तालुक्यांत उपासमारीने सहा जण दगावले आणि हजारो लोकांच्या चुली थंड पडल्या. कारणं दोन सांगितली होती, दुष्काळ आणि गोठलेलं दव. ती बातमी वाचून एका मित्राने मला विचारलं, "ही गावं विषुववृत्तापासून जेमतेम चार अंशांवर. तिथे दव गोठेलच कसं?" शंका रास्त आहे. विषुववृत्त म्हणजे उष्ण पट्टा, असं आपण सगळेच शाळेत घोकलेलो आहोत.

अर्धं उत्तर उंचीत आहे. न्यू गिनी बेटाच्या पाठीच्या कण्यासारखी जी पर्वतरांग आहे, तिच्यातलं पुंचाक जाया हे शिखर ४,८८४ मीटर उंच आहे. वामेना हे तिथलं मोठं गाव बालिएम खोऱ्यात साधारण १,६०० मीटरवर आहे, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही उंच. मी म्हणतो ती गावं त्याच्याही पुष्कळ वर, दोन हजार मीटरांच्या पलीकडे आहेत. दर हजार मीटरला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरतं, त्यामुळे किनाऱ्यावर २७ अंश असताना तिथे सरासरी १२-१३ अंश असतं. हवा थंड खरी, पण यात पाणी गोठत नाही.

उरलेलं अर्धं उत्तर मला मनापासून आवडतं. ते रात्रीच्या आकाशात आहे.

आधी आपल्या अंगणातली एक गोष्ट बघा. थंडीच्या दिवसांत सकाळी उघड्यावर लावलेल्या स्कूटरची सीट दवाने चिंब असते आणि चार पावलांवर आंब्याखाली लावलेल्या स्कूटरची सीट कोरडी असते. दोन्हींभोवतीची हवा एकच असते. फरक इतकाच की एका सीटला वर आकाश 'दिसत' होतं आणि दुसरीला आंब्याची पानं. दव पाडणारी आणि दव गोठवणारी क्रिया मुळात एकच आहे, आणि ती आकाशाच्या दिशेने चालते.

प्रत्येक वस्तू तिच्या तापमानानुसार अवरक्त किरणांच्या रूपाने उष्णता बाहेर टाकत असते. दहा अंश तापमानाचं पान दर चौरस मीटरला सुमारे ३६० वॅट ऊर्जा फेकतं. वर ढग असेल तर तोही खाली जवळपास तेवढीच ऊर्जा परत पाठवतो आणि हिशोब बरोबरीत सुटतो. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असली की चित्र बदलतं. उष्णता अडवण्याचं काम मुख्यतः पाण्याची वाफ करते, पण साधारण ८ ते १३ मायक्रॉन तरंगलांबीच्या पट्ट्यात वाफसुद्धा बरीच पारदर्शक असते. तापलेल्या जमिनीचे सर्वांत जोरदार किरण नेमके याच पट्ट्यात पडतात. ही वातावरणाला असलेली खिडकीच म्हणा ना. शिवाय वाफेचा मोठा साठा वातावरणाच्या तळच्या दोन किलोमीटरमध्ये असतो. आपलं गावच अडीच किलोमीटर उंचावर असेल, तर पांघरुणाचा जाड भाग पायाखाली राहतो आणि डोक्यावर उरते ती विरलेली चादर. अशा रात्री आकाशाकडून जेमतेम अडीचशे वॅट परत येतात. म्हणजे दर चौरस मीटरमागे शंभर वॅटच्या आसपास तोटा, आणि तो रात्रभर चालू राहतो. पान पातळ असतं, त्याच्याजवळ उष्णतेचा साठा नसतोच. ते आसपासच्या हवेपेक्षाही दोन-चार अंशांनी थंड होतं. हवेचा पारा तीनवर असताना पानावर बर्फ धरतो तो यामुळे.

पुढचं काम उतार करतो. गार झालेली हवा जड होते आणि पाण्यासारखी उतारावरून ओघळत खोलगट भागात साचते. वारा असता तर ती ढवळली गेली असती, पण अशा रात्री वारा पडलेला असतो. म्हणून एकाच गावात उतारावरचं शेत हिरवं राहतं आणि तळातलं काळं पडतं. पानाच्या आत बर्फ धरला की पेशींची आवरणं फाटतात. सकाळी ऊन लागलं की पान शिजवल्यासारखं लिबलिबीत होतं आणि दुपारपर्यंत काळं पडून वाळतं.

हे आपल्यालाही अगदी परकं नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याचे फोटो दर हिवाळ्यात छापून येतात. निफाडचे द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवून धूर करतात, तेही याच तोट्याशी झुंजणं आहे. गावाकडे काही जण सांगतात की टिपूर चांदण्यामुळे थंडी वाढते. चंद्राचा यात काही हात नाही. ज्या निरभ्र आकाशामुळे चांदणं स्वच्छ दिसतं, त्याच आकाशातून उष्णता निघून जाते. जावा बेटावरच्या डिएंग पठारावरचे बटाटा पिकवणारे शेतकरी या गोठलेल्या दवाला 'बुन उपास' म्हणतात, म्हणजे विषारी दव. विषाचा यात अंशही नाही, पण पिकाची अवस्था पाहून नाव तसं पडलं. मराठी कानाला 'उपास' शब्द वेगळा ऐकू येतो, आणि पापुआत तोच अर्थ खरा ठरतो.

कारण तिथे रताळं हेच जेवण आहे. आपल्याकडे एकादशीला आणि महाशिवरात्रीला आठवणारं हे कंद तिथे सकाळ-संध्याकाळ रोज खाल्लं जातं. बालिएम खोऱ्यातले दानी लोक त्याला 'हिपेरे' म्हणतात. ते माणसं खातात आणि डुकरंही खातात. गंमत अशी की रताळं मूळचं अमेरिका खंडातलं, आपल्याकडचंही तसंच. या डोंगरांत ते काही शतकांपूर्वी पोचलं असावं, असं बरेच अभ्यासक मानतात. शेती मात्र तिथे त्याच्याही फार आधीची आहे. बेटाच्या पूर्वेकडच्या पापुआ न्यू गिनीतल्या कुक दलदलीत हजारो वर्षांपूर्वीचे शेतीचे चर सापडले आहेत. त्यामुळे या लोकांना 'अश्मयुगीन' म्हणणारे व्हिडिओ बघितले की मला राग येतो. १९३८ साली अमेरिकन संशोधक रिचर्ड आर्चबोल्डच्या विमानातून बालिएम खोरं बाहेरच्या जगाला पहिल्यांदा दिसलं, तेव्हा खाली आखीव चरांची, नीट बांधलेली शेतं पसरलेली होती.

त्या शेतकऱ्यांचं शहाणपण पाहायचं तर पापुआ न्यू गिनीच्या एंगा प्रांतातला रताळ्याचा ढिगारा पाहावा. वाळलेलं गवत आणि जुने वेल एका जागी रचायचे, काही दिवस कुजू द्यायचे आणि वर माती ओढायची. दोन-तीन मीटर रुंद, गुडघ्याहून उंच असा गोल उंचवटा तयार होतो. आतला पाला कुजताना माती थोडी उबदार राहते. थंड हवा उंचवट्यावरून घसरून मधल्या खाचांत जाते, आणि वेल लावलेले असतात ते वरच्या भागात. डोंगरात जितकं वर जावं तितके हे ढिगारे मोठे होत जातात. अवरक्त किरण हा शब्दही न ऐकलेल्या माणसांनी थंड हवेचा निचरा करणारा वाफा घडवला, याचं मला अतिशय कौतुक वाटतं.

माणसं स्वतःला जपतात तीही याच हिशोबाने. दानींचं 'होनाई' हे गोल घर. गवताचं जाड छत, खिडकी नाही, वाकून आत शिरावं लागेल एवढंच दार, मधोमध चूल आणि वर झोपायला माळा. उष्णता आत कोंडून राहते, पण धूरही कोंडतो. त्याची किंमत खोकल्यात आणि लाल डोळ्यांत मोजावी लागते, मुलांना सर्वांत जास्त.

आता दुष्काळ आणि गारठा एकाच वेळी का येतात? एल निनोच्या वर्षी प्रशांत महासागरातलं उबदार पाणी पूर्वेकडे सरकतं आणि त्याच्यामागे पावसाचे ढगही जातात. न्यू गिनीवरचं आकाश मोकळं होतं. दिवसा पाऊस नाही, रात्री पांघरूण नाही. १९७२, १९९७ आणि २०१५ साली हेच झालं. तरी सगळं खापर एल निनोवर फोडण्याची घाई नको. २०२२ साली एल निनो नव्हता, तरीही लानी जाया जिल्ह्यातल्या कुयावागेत गोठलेल्या दवाने रताळी मारली. खोलगट भागाला सलग काही कोरड्या, निरभ्र रात्री पुरतात.

एका रात्रीचा गारठा पीक संपवत नाही. वेल कंदातला साठा वापरून पुन्हा फुटतो. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा गोठला की मात्र जमिनीतली रताळी पाणचट होतात आणि सडतात. रताळं तिथे कणगीत साठवत नाहीत, जमीन हीच कोठी. रोज लागतील तेवढी उकरायची. ही कोठी सडली की घरात दुसरं काही नसतं. याहून वाईट म्हणजे बेणं मरतं. रताळं लावायचं ते वेलाच्या फाट्यांनी, आणि वेलच काळे पडलेले असतात. त्या उंचीवर नवं पीक हाती यायला वर्ष होत येतं.

२०२३ साली मदत विमानाने सिनाकपर्यंत आली आणि तिथून पुढे डोंगरातून पायी न्यावी लागली. तांदळाने आजचा दिवस निभतो. पुढच्या वर्षाची सोय एंगात जुन्या काळापासून नातेवाईक करत आले आहेत. गारठ्याने शेतं मेली की वरच्या गावातली माणसं खालच्या खोऱ्यातल्या सोयऱ्यांकडे जायची, त्यांच्या शेतावर राबायची आणि महिन्यांनी परतताना हिरव्या वेलांच्या जुड्या सोबत आणायची. त्या ओल्या राहतील अशा गुंडाळून, डोक्यावरून पाठीवर सोडलेल्या जाळीच्या पिशवीत भरून.