आसेनचा ट्रॅक १९२५ पासून तोच आहे? नाही हो!

दरवर्षी जूनमध्ये टीटी, म्हणजे आसेनची मोटरसायकल रेस, आली की तीच पोस्ट फिरते, "१९२५ पासून आजपर्यंत त्याच ट्रॅकवर रेस". मला आसेन जीव की प्राण आहे, म्हणूनच हे खटकतं. नेदरलँड्सच्या ड्रेन्थ प्रांतातलं हे छोटंसं शहर, आणि १९२५ ला तिथे ट्रॅक असा नव्हताच! रोल्डे, बोर्गर, स्खोनलो, खरोलो या गावांमधून जाणारा २८.४ किमीचा साधा रस्ता होता, कुठे विटांचा आणि काही भाग तर चक्क मातीचा, विचार करा त्या काळातल्या बाईकवर काय हाल होत असतील. पुढच्याच वर्षी रूट बदलला, तोही रस्त्यांवरचाच. खास रेससाठीचं सर्किट आलं थेट १९५५ मध्ये, ७.७ किमीचं, आणि २००६ ला नॉर्थ लूप म्हणजे ट्रॅकचा उत्तरेकडचा भाग काढून तेही साधारण साडेचार किमीवर आणलं.

मग खरं काय? १९४९ ला मोटरसायकल रेसिंगची वर्ल्ड चॅम्पियनशिप सुरू झाली तेव्हापासून दरवर्षी आसेनला रेस झालीय, फक्त २०२० ला कोविडमुळे नाही. असं दुसरं एकही ठिकाण नाही. आणि आधी शनिवारी व्हायची ती रेस? तीही २०१६ पासून रविवारीच होते.