अढीतला आंबा आणि डोपामिन

आमच्या चौकात मध्यंतरी एका शिबिराचा फलक लागला होता. ‘सात दिवसांत डोपामिन वाढवा, आयुष्यभर आनंदी राहा.’ डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन, हा समज आता इतका रुजलाय की शाळकरी मुलंही तसंच म्हणतात. प्रयोगशाळेत दिसलं ते मात्र वेगळं आहे, आणि मला ते या फलकापेक्षा कितीतरी सुंदर वाटतं.

वुल्फ्राम शुल्ट्झ हे मेंदूशास्त्रज्ञ स्वित्झर्लंडमधल्या फ्रिबूर्ग विद्यापीठात माकडांवर प्रयोग करत होते. केसासारखी बारीक तार मध्यमेंदूतल्या, डोपामिन सोडणाऱ्या एकेका पेशीपाशी पोचवायची आणि तिचे विद्युत ठोके मोजायचे. एरवी या पेशी सेकंदाला जेमतेम पाचेक ठोके देत असतात. माकडाच्या तोंडात ध्यानीमनी नसताना फळाच्या रसाचा थेंब पडला की ठोक्यांची सर यायची. इथवर फलकवाल्यांचं बरोबर वाटतं. मग शुल्ट्झ यांनी रसाच्या आधी एक खूण द्यायला सुरुवात केली. माकडाला सवय झाली आणि सर खुणेच्या क्षणी येऊ लागली. रस तोच, थेंब तेवढाच, पण तो तोंडात पडताना पेशी ढिम्म! आणि खूण देऊन रस दिलाच नाही, तर रस यायला हवा होता नेमक्या त्या क्षणी ठोके थंडावायचे.

कोकणात आजोळ असलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. माळ्यावर गवताची अढी, तिच्यात हापूस. सकाळी दार लोटलं आणि पहिल्यांदा पिकल्याचा घमघमाट आला की जीव हरखतो. आंबा अजून तोंडात गेलेलाही नसतो. तो वास म्हणजे माकडाची खूण.

या पेशी करतात काय, तर वजाबाकी. जरा आकडे घालून बघू. दार लोटण्याआधी तुमची अपेक्षा शून्य होती. वास आला आणि अपेक्षा एकदम ८ झाली. नियम असा: आता हातात पडलं ते, अधिक यापुढची अपेक्षा, वजा क्षणापूर्वीची अपेक्षा. दाराशी ० अधिक ८ वजा ०, म्हणजे ८; सर आली. मग आंबा खाल्ला, गोडी ८ निघाली. ८ अधिक ० वजा ८, म्हणजे शून्य, पेशी शांत. आणि वरून पिवळाधमक आंबा कापल्यावर आत साका निघाला तर? ० अधिक ० वजा ८. उणे ८. त्या क्षणी पोटात जो खड्डा पडतो, त्याचं हे गणित. संगणकाला अनुभवातून शिकवण्यासाठी शास्त्रज्ञ हीच वजाबाकी आधीपासून वापरत होते. पेशींचे ठोके तिच्याशी जुळतात, हे शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांनी १९९७ साली ‘सायन्स’मध्ये मांडलं. माझ्या मते गेल्या शतकातल्या सगळ्यात देखण्या शोधांपैकी हा एक.

म्हणजे डोपामिन आनंद मोजत नाही, फरक मोजतं. पगारवाढीचा हर्ख दोन महिन्यांत का ओसरतो, हे इथे बरंचसं कळतं.

मग गोडी लागते कुठे? मिशिगन विद्यापीठातल्या केंट बेरिज यांनी उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन जवळजवळ संपवून टाकलं. उंदीर अन्नाकडे जाईनात, समोर असूनही उपाशी राहू लागले. पण जिभेवर साखरेचं पाणी ठेवलं की पूर्वीसारखेच मिटक्या मारायचे! हवंसं वाटणं वेगळं आणि आवडणं वेगळं. आवडण्याचा कारभार मुख्यतः शरीरानेच बनवलेली अफूसारखी रसायनं बघतात. त्यांची जी ठिकाणं उंदराच्या मेंदूत सापडली, त्यातलं एक जेमतेम एक घनमिलिमीटरचं आहे. मोबाइलवर तासभर बोट फिरवून शेवटी काहीच आवडलेलं नसतं. मला तर वाटतं, हवंसं वाटणं तेवढं चालू राहतं.

‘डोपामिन उपवासा’चं, म्हणजे सुख देणाऱ्या गोष्टी काही काळ सोडून द्यायचं खूळही यातच मोडतं. मेंदूत डोपामिनची टाकी नसते, की बंद ठेवली आणि पुन्हा काठोकाठ भरली. मन:शांतीची कडी, खडे यांबद्दल काय बोलावं! आठवडेच्या आठवडे काहीच गोड लागत नसेल, तर तो आजार असू शकतो. तिथे शिबिर नव्हे, मनोविकारतज्ज्ञ गाठायचा.

अपेक्षाच ठेवू नका, असा सल्ला यातून काढणं मला पटत नाही. रॉब रटलेज आणि त्यांच्या लंडनमधल्या सहकाऱ्यांनी २०१४ साली १८,४२० लोकांना फोनवर पैज लावण्याचा खेळ खेळायला दिला आणि मधूनमधून ‘आत्ता किती खूश आहात?’ असं विचारलं. एकूण किती कमावलं याने फारसा फरक पडला नाही; अपेक्षेपेक्षा बरं झालं की वाईट, याने पडला. पण त्यांच्या समीकरणात चांगल्याची अपेक्षाही, निकाल लागण्याआधी, आनंदात भर घालते. वाट पाहणं फुकट जात नाही.

तेव्हा शिकायचं ते हे, की आवडीच्या गोष्टीत खंड पाडायचा आणि ती समोर आली की घाई करायची नाही. मालिश मध्येच थोडा वेळ थांबवली तर लोकांना ती जास्त सुखावते, हे प्रयोगात दिसलंय. लोकांचा आधीचा अंदाज मात्र उलटा असतो. आजी अढीतले आंबे रोज स्वतः निवडायची आणि प्रत्येकाला दोनच द्यायची. आम्ही कुरकुरायचो.

यंदा देवगडहून आलेली कच्च्या आंब्यांची पेटी मी पलंगाखाली गवतात रिकामी केली. भाची रोज सकाळी वाकून हुंगायची. ‘मामा, झाला?’ नाही अजून. सहाव्या दिवशी तिने वाकायच्या आधीच मान वर केली. वास दारापर्यंत आला होता. एकच आंबा कापला. कोय पांढरी होईपर्यंत तिने चोखली, मध्ये एक शब्द बोलली नाही.