काचेचा कच्चा माल

काच तयार करण्यासाठी भट्टीत वितळवल्या जाणाऱ्या खनिज व रासायनिक द्रव्यांना काचेचा कच्चा माल म्हणतात. ही द्रव्ये ठरावीक प्रमाणात मिसळून केलेल्या मिश्रणाला कारखान्यात ‘बॅच’ असे नाव आहे. तावदाने, बाटल्या व बरण्या ज्या सोडा-चुना काचेच्या बनतात, तिच्यात साधारणपणे ७० ते ७४ टक्के सिलिका, १२ ते १६ टक्के सोडियम ऑक्साइड आणि उरलेल्या भागात मुख्यतः कॅल्शियम ऑक्साइड असते. यांपैकी काच खऱ्या अर्थाने सिलिकेचीच. बाकीचे बहुतेक पदार्थ आधीच्या पदार्थामुळे उभी राहिलेली अडचण दूर करण्यासाठी घालावे लागतात.

सिलिका वाळूतून मिळते, पण बांधकामाची वाळू या कामी निरुपयोगी असते. काचेच्या वाळूतील कण साधारणतः ०.१ ते ०.५ मिलिमीटर आकाराचे लागतात. मोठे कण न वितळता काचेत खड्यांसारखे राहतात, तर फार बारीक भुकटी भट्टीतील वायूंबरोबर उडून जाते. त्याहून महत्त्वाचा प्रश्न लोहाचा. बिनरंगी बाटलीच्या वाळूत लोह ऑक्साइडचे प्रमाण शेकडा काही शतांशांपलीकडे गेलेले चालत नाही, आणि भिंगांच्या काचेसाठी ते त्याहूनही पुष्कळ कमी असावे लागते. साध्या तावदानाकडे कडेने पाहिल्यास दिसणारी हिरवट झाक या लोहाचीच असते. काचेच्या वाळूसाठी महाराष्ट्रात सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कासार्डे परिसर, तर उत्तर प्रदेशात प्रयागराजजवळचे शंकरगढ परिचित आहे.

शुद्ध सिलिका वितळण्यास १,७०० अंश सेल्सिअसहून अधिक तापमान लागते. सोडियम ऑक्साइडचे प्रमाण एकचतुर्थांशाच्या आसपास असल्यास सिलिकेचे मिश्रण सुमारे ८०० अंशांनाच वितळू लागते. तरी रस पुरेसा पातळ व्हावा आणि त्यातील बुडबुडे निघून जावेत म्हणून प्रत्यक्ष भट्टी १,५०० अंशांच्या आसपास ठेवतात. हे ऑक्साइड देणारा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, प्राचीन काळी इजिप्तमधील वादी नत्रून येथील क्षारातून मिळे, मध्ययुगीन युरोपात त्याची जागा लाकडाच्या राखेतील पोटॅशने घेतली, आणि उत्तर भारतात बांगड्यांच्या काचेसाठी खारवट जमिनीवर फुलणारी ‘रेह’ वापरली जाई. लेब्लांक (१७९१) व पुढे सॉल्व्हे या पद्धतींमुळे कारखान्यात बनणारा सोडा अ‍ॅश स्वस्त झाला. भारतात गुजरातमधील मिठापूर हे त्याचे एक मोठे केंद्र आहे. शंभर किलो सोडा अ‍ॅशमधून काचेला मात्र सुमारे ५८ किलो सोडियम ऑक्साइडच मिळते, बाकीचा कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. त्याचे रसात अडकलेले बारीक बुडबुडे काढण्यासाठी बॅचमध्ये थोडे सोडियम सल्फेट घालतात.

केवळ वाळू व सोडा यांची काच पाण्यात विरघळते. ‘जलकाच’ ती हीच. तिला टिकाऊपणा येतो तो चुनखडीमुळे. रोमन काळात आजच्या इस्रायलमधील बेलस नदीच्या मुखाजवळील वाळूत शिंपल्यांचे तुकडे असत, त्यामुळे चुना वेगळा न घालताही तो काचेत येई. डोलोमाइट या खनिजातील मॅग्नेशियमामुळे काच घट्ट होताना स्फटिक बनण्याची प्रवृत्ती कमी होते, तर फेल्स्पार या खनिजातून मिळणाऱ्या अ‍ॅल्युमिनामुळे (अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडमुळे) टिकाऊपणा आणखी वाढतो.

फुटक्या काचेचा चुरा, म्हणजे ‘कलेट’, हाही कच्चा मालच होय. तो लवकर वितळतो, आणि बॅचमधील त्याचे प्रमाण दर दहा टक्क्यांनी वाढवल्यास भट्टीची ऊर्जा अडीच ते तीन टक्क्यांनी वाचते. मात्र चुऱ्यात वेगळ्या रंगाची काच किंवा चिनीमातीचे तुकडे आले तर सगळा माल बिघडतो.

विशेष काचांसाठी वेगळी द्रव्ये लागतात. प्रयोगशाळेतील उष्णतारोधक काचेत बोरॉन ऑक्साइड सुमारे १२ ते १३ टक्के असते व ते टाकणखारातून मिळवता येते. चकाकदार क्रिस्टल काचेत शिशाचे ऑक्साइड, म्हणजे मुर्दाडशिंग किंवा शेंदूर, घालतात. कोबाल्टाने निळा, क्रोमियमाने हिरवा रंग येतो. लोहाची हिरवट झाक दडवण्यासाठी पूर्वी मँगनीज डायऑक्साइड घालत, आता त्याऐवजी बहुधा सेलेनियम व किंचित कोबाल्ट वापरतात.