पवित्र आठवडा : कोकणातील ख्रिस्ती प्राथमिक शाळांतील अध्यापन

झावळ्यांच्या रविवारपासून ईस्टरपर्यंतचा, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाच्या सणापर्यंतचा आठवडा ख्रिस्ती लोक पवित्र आठवडा म्हणून पाळतात. येशूचा यरुशलेमेतील प्रवेश, शिष्यांसोबतचे शेवटचे भोजन, अटक, क्रूसावरील मरण आणि दफन यांचे स्मरण या दिवसांत क्रमाने केले जाते. वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्यावर चर्चशी जोडलेल्या प्राथमिक शाळांत हाच क्रम पहिली ते चौथीच्या मुलांपुढे गोष्ट, गाणे, चित्र, हस्तकला आणि छोटे नाट्यप्रवेश यांतून मांडला जातो.

शाळेचे आणि चर्चचे वेळापत्रक मात्र इथे जुळत नाही, आणि या अध्यापनातली खरी अडचण तीच आहे. गुड फ्रायडेला, म्हणजे येशूच्या मरणाच्या दिवशी, सार्वजनिक सुट्टी असते, त्याला लागून शनिवार-रविवार येतात. वर्गाच्या वाट्याला फार तर सोमवार ते गुरुवार हे चार दिवस येतात. गोष्टीतला मुख्य भाग शुक्रवारी दुपारी आणि रविवारी पहाटे घडतो, म्हणजे शाळा बंद असताना. मग गुरुवारी मुलांना घरी सोडताना गोष्ट कुठे थांबवायची? अटकेपाशी थांबवली, तर सहा-सात वर्षांचे मूल भीती मनात घेऊन घरी जाते. शेवट आधीच सांगितला, तर रविवारचा आनंद ओसरेल असे काही बाईंना वाटते. लहान वर्गांपुरते तरी शेवट आधी सांगणेच योग्य. या वयात मुलांना माहीत असलेली गोष्ट पुन्हा ऐकायला आवडते, आणि आजी-आजोबांचे मरण नुकतेच पाहिलेले एखादे मूल वर्गात बसलेले असू शकते. तिसरी-चौथीला थोडे थांबवून ठेवता येते.

आठवड्याची तारीख दरवर्षी बदलते. वसंतसंपातानंतरच्या पहिल्या पौर्णिमेनंतर येणाऱ्या रविवारी ईस्टर पाळायचा, या नियमाचे मूळ इ. स. 325 च्या, ख्रिस्ती धर्माध्यक्षांच्या नायसिया परिषदेपर्यंत जाते. त्यानुसार ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिल यांच्या दरम्यान येतो. मराठी पंचांगात पाहिले तर ही पौर्णिमा बहुधा फाल्गुनी किंवा चैत्री असते. 2024 मध्ये ईस्टर 31 मार्चला, होळीपाठोपाठ आला. 2025 मध्ये तो 20 एप्रिलला, हनुमान जयंतीनंतरच्या आठवड्यात होता. फाल्गुनात आला की गावात शिमग्याच्या पालख्या चालू असतात आणि पट अर्धा रिकामा दिसतो. 2024 मध्ये पवित्र आठवड्याचा सोमवार धुळवडीतच गेला. चैत्रात आला की गाठ वार्षिक परीक्षेशी पडते.

या किनाऱ्यावर ही कथा मराठीतून सांगण्याची परंपरा जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये गोव्यात राचोल येथे छापले गेले. पुढे स्कॉटिश मिशनऱ्यांनी 1823 पासून बाणकोट-हर्णै भागात मराठी शाळा काढल्या. वसई धर्मप्रांत (एका बिशपच्या अखत्यारीतला विभाग) 1998 मध्ये आणि सिंधुदुर्ग धर्मप्रांत 2005 मध्ये वेगळा झाला. सिंधुदुर्गचे मुख्य ठिकाण सावंतवाडी. घरची बोली मात्र ठिकठिकाणी वेगळी आहे. वसईत सामवेदी किंवा वाडवळी, कोर्लईत पोर्तुगीज मिश्रणातून घडलेली क्रिओल, सावंतवाडीकडे कोकणी आणि मालवणी. वर्गातली मराठी किंवा इंग्रजी अनेक मुलांसाठी दुसरी भाषा असते. म्हणून शब्दांइतकेच काम हातांना दिलेले बरे, आणि ते झावळीपासून सुरू होते.

खजुराच्या फांद्या घेऊन लोक येशूला सामोरे गेले, हा उल्लेख येशूचे चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांपैकी फक्त योहानाच्या शुभवर्तमानात (12:13) आहे. कोकणात खजुराची जागा माडाने घेतली. रविवारी आशीर्वादित झालेली झावळीची पात घेऊन मुले सोमवारी वर्गात येतात. पातीचा हीर उपसून काढला की दोन लांब पट्ट्या सुटतात. एक पट्टी उभी धरून दुमडायची, दुसरी तिच्यावर आडवी घेऊन मधोमध चौकोनी गाठ घालायची आणि टोके गाठीत खोचायची, झाला क्रूस. ओली पात हवी तशी वळते, वाळलेली दुमडताना चिरते, त्यामुळे ती रात्रभर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावी लागते. ज्यांच्या घरी खराटे वळले जातात त्या मुलांचे हात यात सराईत असतात, आणि अभ्यासात मागे राहणारे एखादे मूल त्या तासाला वर्गाला शिकवू लागते. हा क्रूस घरी तसबिरीमागे वर्षभर राहतो. पुढच्या वर्षी ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ सुरू होताना अशाच वाळक्या झावळ्या जाळून केलेली राख बुधवारी कपाळाला लावली जाते. राख आली कुठून, हे मुलांना आपल्या हातच्या क्रूसावरूनच कळते.

उपवासाचा नियम या मुलांना लागू नाही. कॅथॉलिक धर्मविधीनुसार मांसवर्ज्याचे बंधन वयाची 14 वर्षे पूर्ण झाल्यावर आणि उपवासाचे 18 पूर्ण झाल्यावर सुरू होते. प्राथमिक शाळेत त्याऐवजी छोटा त्याग सुचवला जातो: गोळ्या-चॉकलेटचे पैसे डब्यात टाकायचे आणि ते गरजूंसाठी द्यायचे. कोणी किती टाकले हे वर्गात वाचून दाखवण्याची पद्धत कुठे असेल तर ती बंद करावी. गरीब घरच्या मुलाला त्यात लाज वाटते आणि त्यागाचा अर्थच हरवतो.

पवित्र गुरुवारचा पाठ पाय धुण्याचा. योहानाच्या 13 व्या अध्यायात येशू भोजनावरून उठतो, कमरेला पंचा बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. त्यांतला पेत्र आधी नकार देतो. वर्गात पाट, परात, तांब्या आणि पंचा एवढे साहित्य पुरते. बारा मुले बाकावर बसतात आणि बाई किंवा सिस्टर खाली बसून एकेकाचे पाय धुतात. मधल्या सुट्टीत अनवाणी खेळलेल्या मुलांच्या टाचांना जांभ्याची लाल माती असते. परातीतले पाणी तिसऱ्या-चौथ्या मुलापर्यंतच तांबूस होते. कोणाला गुदगुल्या होतात, कोणी पाय मागे घेतो. बाहेरून आल्यावर पाय धुऊन घरात यायचे, हे कोकणातल्या मुलाला नवे नाही. पण आपल्याकडे शिष्य गुरूचे पाय धुतो. इथे बाईच खाली वाकलेल्या पाहून पेत्राचा संकोच मुलांना समजावून सांगावा लागत नाही. मोठ्यांच्या विधीत मुली-स्त्रियांनाही घेण्याची मुभा पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी 2016 मध्ये दिली. वर्गातल्या बारांत मुली असणे आता त्याला धरूनच आहे.

क्रूसाच्या वाटेची, म्हणजे येशूच्या शिक्षेपासून दफनापर्यंतच्या प्रसंगांची, चौदा स्थाने काही शाळा व्हरांड्यात चित्रांनी मांडतात. मोठ्या वर्गांना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी: येशूचे तीनदा पडणे आणि वेरोनिकेने त्याचा चेहरा पुसणे हे प्रसंग शुभवर्तमानांत नाहीत, भक्तिपरंपरेतून आलेले आहेत. त्याने त्यांचे मोल घटत नाही. रक्त आणि खिळे ठसठशीत दाखवणारी चित्रे पहिली-दुसरीला टाळावीत. क्रूस वाहायला हात देणारा शिमोन त्यांना पुरेसा असतो.

सर्वांत जपून बोलावे लागते ते यहुद्यांविषयी. ‘यहुद्यांनी येशूला मारले’ हे वाक्य पूर्वी सहज वापरले जाई. येशूच्या मृत्यूचा दोष सरसकट यहुद्यांवर टाकता येत नाही, असे कॅथॉलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये स्पष्ट केले. क्रूसाची शिक्षा रोमन सुभेदार पिलाताच्या हुकमाने झाली, आणि येशू, त्याची आई व बारा शिष्य हे सगळे यहुदीच होते. कोकणात तर ही पुस्तकातली दूरची गोष्ट नाही. अलिबाग-रेवदंड्याकडे बेने इस्रायली यहुदी पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत राहिले, शनिवारी काम न करणारे तेली म्हणून शनवार तेली म्हणवले गेले. त्यांची सिनेगॉग आजही तिथे आहेत. शेवटचे भोजन यहुद्यांच्या वल्हांडण सणाच्या दिवसांतले, आणि हा सण बहुतेक वर्षी ईस्टरच्या आसपासच येतो. रायगडातल्या शाळेत शेवटच्या भोजनाचा पाठ बेने इस्रायली शेजाऱ्यांपासून सुरू करावा. मुलांना तो अधिक जवळचा वाटतो.

या शाळांत हिंदू, मुस्लिम, बौद्ध मुलेही शिकतात. संविधानाच्या कलम 30 नुसार अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क आहे. कलम 28 नुसार मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत कोणावरही धार्मिक शिक्षणाची सक्ती करता येत नाही, आणि मूल अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. म्हणून धर्मशिक्षणाचा तास ख्रिस्ती मुलांपुरता आणि त्याच वेळी इतरांना मूल्यशिक्षण, अशी विभागणी केली जाते. झावळीचे विणकाम मात्र सगळेच करतात.

ईस्टरनंतर शाळा उघडली की रिकाम्या कबरीच्या गोष्टीला जोडून योहानाचा 21 वा अध्याय घ्यावा. रात्रभर जाळी टाकून काहीच न मिळालेले शिष्य, किनाऱ्यावरून हाक मारणारा येशू, उजवीकडे टाकलेले जाळे, त्यात आलेले 153 मोठे मासे आणि निखाऱ्यांवरची न्याहारी. शिकवताना एवढे लक्षात ठेवावे की हे जिथे घडले ते तिबिर्याचे सरोवर गोड्या पाण्याचे, त्यामुळे फळ्यावर सुरमई-बांगडा काढू नये. कोळीवाड्यातली मुले लगेच विचारतात. मासे कोणते होते हे शुभवर्तमानात सांगितलेले नाही. इतके मासे असूनही जाळे फाटले नाही, एवढे सांगितले आहे.