एक्स-रेला न दिसणारं हाड

हाड कशाचं बनलंय हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. कोंबडीच्या तंगडीचं हाड स्वच्छ धुऊन आठवडाभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, मधे एकदा व्हिनेगर बदला. बाहेर काढाल तेव्हा ते हाताने वाकवता येईल. आम्लात त्यातले क्षार विरघळून गेले आणि उरलं ते मुख्यतः कोलॅजन नावाचं प्रथिन. दुसरं हाड चुलीच्या निखाऱ्यांत पांढरं होईपर्यंत जाळा. आकार तोच राहतो, पण दाबलं की चुरा होतो. इथे कोलॅजन जळालं, क्षार तेवढे राहिले.

वजनाच्या हिशेबाने हाडात साधारण ६५ टक्के क्षार, २५ टक्के सेंद्रिय द्रव्य आणि १० टक्के पाणी असतं. कॅल्शियम आणि फॉस्फेटचे अतिसूक्ष्म स्फटिक कोलॅजनच्या तंतूंमध्ये आणि तंतूंभोवती बसलेले असतात. खानदेशातल्या धाब्याच्या घरांसाठी गारा तुडवताना त्यात भुसा घालतात, तो उगाच नाही. माती भार पेलते, भुसा तिला तडकू देत नाही. हाडातही दाब क्षार सोसतात आणि ताण कोलॅजन.

पण भिंत बांधून झाली की तशीच राहते. हाड रोज मोडलं आणि बांधलं जातं. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दरवर्षी नवा होतो. ऑस्टिओक्लास्ट पेशी जुनं हाड विरघळवतात, ऑस्टिओब्लास्ट त्या जागी नवं रचतात. रचता रचता काही ऑस्टिओब्लास्ट स्वतःच हाडात गाडल्या जातात आणि ऑस्टिओसाइट होऊन वर्षानुवर्षं तिथेच जगतात. हाडावर कुठे किती भार पडतोय याची जाण त्या ठेवतात आणि बारीक नळ्यांमधून एकमेकींशी जोडलेल्या राहतात.

या पेशींना जगवतं ते रक्त. हाडाच्या घट्ट भागात मधोमध रक्तवाहिनीची नळी आणि तिच्याभोवती हाडाचे वर्तुळाकार थर, अशी रचना असते. क्लॉप्टन हॅव्हर्स या इंग्रज वैद्याने १६९१ साली या नळ्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना हॅव्हर्सच्या नळ्या म्हणतात. हाडांच्या टोकांना आतला भाग जाळीदार असतो. मोठ्या माणसात कंबर, छाती, मणके अशा ठिकाणच्या जाळीत लाल मज्जा असते, आणि रक्तपेशी तिथेच तयार होतात.

हाड कोरडं, निर्जीव समजण्याची सवय आपल्याला फार आहे, आणि नंदुरबारच्या सातपुड्यात ती महागात पडू शकते. तिथल्या भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेलचा आजार आढळतो. या आजारात ऑक्सिजन कमी पडला की तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या आणि ताठर होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. हाड चारही बाजूंनी कडक. आतला दाब वाढला तर फुगायला जागाच नाही. म्हणून सिकलसेलच्या रुग्णाचं हाड इतकं भयंकर ठणकतं. लहानग्यांचे हात-पाय सुजतात, त्यामागेही हेच कारण असतं. वैशाखात शरीरातलं पाणी कमी झालं की असा झटका यायला निमित्त मिळतं.

सर्वांत अवघड जागा मांडीच्या हाडाचा वरचा गोळा. त्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या मोजक्या आणि नाजूक. त्या बंद पडल्या की आतल्या पेशी मरतात. क्षार मात्र जागच्या जागी राहतात, त्यांना रक्त लागत नाही. आणि एक्स-रेला हाडातले दिसतात ते क्षारच! त्यामुळे गोळा आतून मेलेला असूनही फोटो सुरुवातीला चांगला येऊ शकतो. पुढे डागडुजी अपुरी पडते, आतली जाळी खचते आणि गोळा चपटा होतो. एमआरआयमध्ये हा बिघाड बराच आधी कळतो.

म्हणून सिकलसेल असलेल्या तरुणाची जांघ किंवा मांडी दुखत असेल आणि एक्स-रे स्वच्छ आला, तर तिथे थांबू नये. खुब्याचं दुखणं पुष्कळदा गुडघ्यात जाणवतं, तेव्हा गुडघा दुखतो म्हणणाऱ्याचा खुबाही तपासून घ्यायला हवा. आजार आहे की नाही हेच ठाऊक नसेल, तर आधी रक्ताची सिकलसेल तपासणी करून घ्यावी. गोळा खचण्याआधी कळलं तर त्यावरचा भार कमी करता येतो, काही रुग्णांत शस्त्रक्रियेने तो वाचवण्याचा प्रयत्नही करता येतो. खचल्यावर बहुधा सांधा बदलण्याची वेळ येते.