सील गेलं म्हणण्याआधी

लोडरचं बकेट वर उचलून ठेवलं आणि तासाभरात ते वीतभर खाली आलं, तर गॅरेजमध्ये निदान एका वाक्यात होतं: "सील गेलं, किट टाका." सील म्हणजे सिलिंडरमधल्या पिस्टनभोवतीची, तेल अडवणारी रबरी कडी, आणि किट म्हणजे अशा सीलांचा संच. अमेरिकेत मोटरहोमची सरकती खोली उभ्या गाडीत आपोआप आत येऊ लागली, की तिथेही हेच ऐकायला मिळतं. फरक एवढाच, की मजुरी डॉलरमध्ये मोजावी लागते. सिलिंडर उतरवतात, नवं सील बसवतात, तेल भरतात आणि आठवड्याभरात खोली पुन्हा सरकते. या प्रकारात सील बहुतेक वेळा निर्दोष असतं. ते का, हे समजायला शाळेतला पास्कलचा नियम आणि थोडी वजाबाकी पुरते.

मोटरहोम म्हणजे बसच्या आकाराचं चाकांवरचं घर. अमेरिकेच्या महामार्गांवर गाडीची रुंदी १०२ इंच, म्हणजे साडेआठ फुटांपर्यंत चालते. तेवढ्यात सोफा, जेवणाचं टेबल आणि चालायला वाट बसत नाही. म्हणून गाडी उभी केल्यावर भिंतीचा एक भाग ड्रॉवरसारखा बाहेर सरकतो. हाच तो स्लाइड-आउट. ग्रँड कॅन्यनच्या सहलीला अशी गाडी भाड्याने घेणाऱ्या आपल्या मंडळींनी तो पाहिला असेल. लहान खोल्या विजेच्या मोटरवर सरकतात. शेकडो किलोंच्या मोठ्या खोल्यांना बऱ्याचदा हायड्रॉलिक सिलिंडर असतात. व्यवस्था साधी असते: १२ व्होल्टची मोटर, तिला जोडलेला पंप, काही लिटरची तेलाची टाकी, विजेवर उघडणारे सोलेनॉइड व्हॉल्व्ह, होज पाइप आणि प्रत्येक खोलीला सहसा दोन सिलिंडर.

बटण दाबल्यावर आधी कान द्यावा. काहीच आवाज नसेल तर फ्यूज, सर्किट ब्रेकर आणि इंटरलॉक पाहायचे. पार्किंग ब्रेक ओढल्याशिवाय खोली हलू नये, अशी सोय बऱ्याच गाड्यांत असते आणि निम्मा दिवस शोधाशोध केल्यावर ब्रेक सैल सापडतो. नुसतं 'खट्' वाजून मोटर गप्प राहिली, तर मोटरला वीज जोडणाऱ्या सोलेनॉइडचे आतले कॉन्टॅक्ट जळालेत किंवा बॅटरी उतरली आहे. मोटर हलक्या आवाजात भन्नाट फिरते आणि खोली जागची हलत नाही? मग पंपाला तेल मिळत नाही, किंवा मिळालेलं तेल कुठून तरी परत टाकीत जातंय. मोटर कण्हत असेल तर पंप दाब देतोय, पण व्हॉल्व्ह उघडलेला नाही किंवा खोलीच अडली आहे. अशा वेळी आधी उघडा राहिलेला ड्रॉवर, प्रवासासाठी लावलेलं लॉक आणि बाहेरची झाडाची फांदी पाहावी.

हायड्रॉलिकच्या नावावर खपणारे बरेच बिघाड मुळात तारांतले असतात. ही मोटर भाराखाली १०० अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढते. केबलच्या एखाद्या गंजलेल्या टोकाशी ०.०२ ओहम रोध असला तरी तिथे २ व्होल्ट गळतात आणि २०० वॉट उष्णता त्या एका नटाखाली जमते. हात लावला तर चटका बसेल. बटण न दाबता मीटर लावला तर तो इमानदारीने १२.६ व्होल्ट दाखवतो, कारण प्रवाहच नाही तर गळती कशी दिसणार? म्हणून माप घ्यायचं ते बटण दाबून धरून. मीटरची एक तार बॅटरीच्या धन टोकावर आणि दुसरी मोटरच्या धन टोकावर ठेवा. अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक दिसला तर त्या वाटेवरचा एकेक जोड तपासा. मग हेच ऋण बाजूला करा. गाडीच्या सांगाड्याला जोडलेली अर्थची तार सगळ्यांत आधी गंजते. आणि गाडी बाहेरच्या विजेवर लावली म्हणून बॅटरी मेली तरी चालेल, असं होत नाही. चार्जर ५०-६० अँपिअरचा असेल तर उरलेले अँपिअर बॅटरीनेच द्यायचे असतात.

आता तेल. इथे एक आकृती डोळ्यांपुढे आणा: सिलिंडरमध्ये पुढे-मागे सरकणारा पिस्टन, आणि त्याला जोडलेला, एका टोकाने बाहेर येऊन खोली ढकलणारा रॉड. सिलिंडरचा आतला व्यास ४० मिमी आणि रॉडचा २५ मिमी धरू. पिस्टनच्या मागच्या बाजूला तेल १२.५७ चौरस सेंमी क्षेत्रावर दाब देतं. रॉडच्या बाजूला मात्र मधली ४.९१ चौरस सेंमी जागा रॉडने अडवलेली असते, म्हणून तिथे उरतात ७.६६. पुढचा सगळा खेळ या तीन आकड्यांचा आहे.

पहिली गंमत टाकीतली. रॉड आत असतो तेव्हा तो तेलाची जागा खातो आणि तेवढं तेल टाकीत राहतं. ९० सेंमी बाहेर आलेला रॉड ४४० घन सेंमी जागा मोकळी करतो आणि तेल तिथे जातं. दोन सिलिंडरांचं मिळून हे ८८० मिलि होतं. खोली बाहेर असताना टाकी उघडून पाहणाऱ्याला ती रिकामी वाटते. तो लिटरभर तेल ओततो आणि खोली आत घेताना तेवढंच तेल टाकीच्या हवा येण्या-जाण्याच्या नळीतून बाहेर सांडतं. मग 'गळती' शोधणं सुरू होतं. तेलाची पातळी पाहायची ती सगळ्या खोल्या आत आणि, त्याच तेलावर चालणारे गाडी समतल ठेवायचे जॅक असतील तर तेही वर घेऊनच. तेल कुठलं, हे निर्मात्याने लिहिलेलं असतं. बऱ्याच पंपांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लाल तेल चालतं, आणि लाल असल्यामुळे त्याची गळती चटकन दिसते. ब्रेक ऑइल मात्र चुकूनही नको. ग्लायकॉलच्या त्या द्रवाने या यंत्रातली नायट्राइल रबराची सीलं फुगून निकामी होतात.

दुसरी गंमत वेगाची. काही बनावटींत रॉडची बाजू कायम दाबाखाली असते आणि खोली बाहेर ढकलायची तर मागच्या बाजूलाही तोच दाब देतात. दोन्हीकडे दाब सारखा, पण मागचं क्षेत्र मोठं, म्हणून रॉड बाहेर येतो. ढकलणारं निव्वळ क्षेत्र १२.५७ वजा ७.६६, म्हणजे फक्त रॉडचं ४.९१. दाब २०० बार (एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेएवढा दाब) असेल तर बाहेर जाताना एका सिलिंडरचा जोर साधारण १,००० किलो आणि आत ओढताना १,५६०. पंप मिनिटाला २ लिटर तेल देत असेल, तर दोन सिलिंडरांची ९० सेंमी चाल बाहेर २६ सेकंदांत होते आणि आत ४१ सेकंदांत. "आत यायला वेळ लागतो, पंप गेला वाटतं" ही तक्रार अशा गाडीत तक्रारच नाही.

आता मुख्य मुद्दा. बाहेर काढलेली खोली, गाडी थोडी कललेली, आणि खोलीचं वजन रॉडला आत ढकलतंय. दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद आहेत. पिस्टनवरचं सील फाटलेलं आहे असं समजू. नव्हे, ते पूर्ण काढूनच टाकू. रॉड किती आत जाईल?

मन म्हणतं, भसकन जाईल. हिशोब करू. पिस्टन १ सेंमी मागे आला तर मागच्या बाजूचं १२.५७ घन सेंमी तेल हाकललं जातं. ते सीलशेजारून रॉडच्या बाजूला जाईल, पण तिथे जागा झाली आहे फक्त ७.६६ घन सेंमी. उरलेलं ४.९१ जाणार कुठे? व्हॉल्व्ह बंद आहेत, पाइप धड आहेत. तेल २०० बार दाबाखालीसुद्धा जेमतेम सव्वा टक्का आकसतं. त्यामुळे रॉड किंचित दबतो आणि थांबतो. भार आता रॉडच्या ४.९१ क्षेत्रावर तोलला जातो, म्हणून आतला दाब आधीच्या १२.५७ भागिले ४.९१, म्हणजे सुमारे २.५६ पट होतो. गेलेल्या सीलचं खरं लक्षण हे: दोन्ही बाजूंना सारखा, वाढलेला दाब. खोली सरकत राहायची असेल तर तेलाला सिलिंडरच्या बाहेर पडावंच लागेल. बाहेर ओलावा नसेल तर वाट एकच उरते, ती व्हॉल्व्हमधून. वर उचललेलं लोडरचं बकेट याच हिशोबात बसतं. तिथेही भार रॉडला आतच ढकलतो.

मात्र भाराची दिशा उलटी झाली की न्यायही उलटतो. गाडी वळणावर असताना आत घेतलेली खोली बाहेर जाऊ पाहते आणि रॉड ओढला जातो. तिला धरून ठेवतो तो रॉडच्या बाजूचा चेक व्हॉल्व्ह, म्हणजे तेल एकाच दिशेला जाऊ देणारी झडप. मागची बाजू बऱ्याचदा टाकीकडे उघडी असते. आता सील गळकं असेल तर रॉडच्या बाजूचं तेल पिस्टन ओलांडून मागे येतं, कमी पडलेलं तेल टाकीतून ओढलं जातं आणि खोली खरोखर बाहेर सरकते. इथे सीलवर संशय घेणं रास्त आहे, पण चेक व्हॉल्व्हही तितकाच संशयित. त्याच्या बैठकीवर केसाच्या जाडीपेक्षाही बारीक कण अडकला तरी तो पुरता मिटत नाही.

दोघांतला चोर पकडायला सिलिंडर खोलावा लागत नाही. खोली पूर्ण आत घ्या, हाताने उघडायचे व्हॉल्व्ह उघडून दाब उतरवा आणि ते पुन्हा बंद करा. डोळ्यांवर चष्मा हवाच. सिलिंडरच्या मागच्या बाजूचा पाइप पंपाकडून सोडवून पारदर्शक बाटलीत सोडा, पंपाकडच्या छिद्राला बूच लावा आणि खोली आत घ्यायचं बटण दहा सेकंद दाबून धरा. सुरुवातीला चार थेंब आले तर चालेल. धार लागली तर सील गेलं. आता खुशाल किट टाका. बाटली कोरडी राहिली तर शेजारच्या खोलीचा तसाच व्हॉल्व्ह काढून अदलाबदल करा. दोष व्हॉल्व्हबरोबर दुसऱ्या खोलीत गेला, की निकाल लागला. बूच आणि पाइप पुसायला पिंजलेली चिंधी वापरू नका, तिचे तंतूच पुढचा बिघाड घडवतात. व्हॉल्व्हच्या कॉइलला वीज पोचतेय का, हे पाहायला मीटरही लागत नाही: बटण दाबलेलं असताना कॉइलच्या नटाजवळ स्क्रूड्रायव्हर न्या, तो ओढला गेला पाहिजे.

गळती हाताने चाचपणं मात्र जिवावर बेतू शकतं. टाचणीएवढ्या छिद्रातून २०० बारला सुटलेली धार कातडीतून आत शिरते. बाहेरून दिसतो फक्त एक ठिपका, पण ती शस्त्रक्रियेची तातडी असते. पाइपाच्या बाजूने पुठ्ठा फिरवावा, डाग पुठ्ठ्यावर पडेल.

सीलचाही एक गुण इथे सांगायला हवा. लंडनच्या जोसेफ ब्रामाने १७९५ साली हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं, तेव्हा खरी अडचण गळतीची होती. तिच्यावरच्या चामडी वाटीसारख्या सीलचं श्रेय त्याच्याकडे काम करणाऱ्या हेन्री मॉड्सलेला दिलं जातं. वाटीच्या आत द्रव शिरतो, कडा भिंतीवर दाबतो. दाब वाढेल तशी पकड घट्ट. आजच्या रबरी ओठाच्या सीलचं तत्त्व तेच आहे. म्हणजे झिजलेलं सील जास्त दाबाला धरून ठेवेल आणि कमी दाबाला झिरपू देईल. खोली टोकाला पोचल्यावर बटण आणखी तीन-चार सेकंद दाबून ठेवा, असं पुस्तिकेत लिहितात, त्याचं हे एक कारण.

'जुन्या सीलला पुन्हा तरुण करणारं' औषध बाटलीत मिळतं. ते रबर फुगवतं, म्हणजे झिजलेल्या सीलबरोबर चांगल्या सीलांनाही. बंपरला लिंबू-मिरची बांधली तर निदान पंपाचं नुकसान होत नाही.

खोली वाकडी सरकत असेल तर प्रश्न वेगळा. दोन सिलिंडरांना एकाच पाइपातून तेल दिलं की ते कमी अडथळ्याच्या बाजूला आधी जातं. म्हणून काही बनावटींत दोन्ही बाजूंच्या दातेरी पट्ट्या एका आडव्या दांड्याने जखडतात, तर काहींत तेल सारखं वाटून देणारा वेगळा सिलिंडर असतो. पहिल्या प्रकारात निखळलेली पिन किंवा घसरलेला गिअर शोधावा. दुसऱ्यात बहुधा एका बाजूला हवा अडकलेली असते. २०० बारला हवा दोनशेव्या भागाएवढी आकसते, त्यामुळे त्या बाजूचा पिस्टन मागे राहतो आणि मग हिसका देत येतो.

हवा काढायला खोली पाच-सहा वेळा पूर्ण बाहेर-आत करावी. टाकीत फेस दिसला तर तासभर थांबावं, मग पुन्हा करावं. तेल हिसक्याशिवाय वाहू लागलं, की सगळ्या खोल्या आत घेऊन पातळी पाहावी आणि कमी असेल तेवढंच ओतावं. त्यानंतर खोलीच्या कडेला आणि भिंतीला मिळून कागदी टेपचा एक तुकडा चिकटवून त्यावर पेन्सिलीने रेघ मारावी, टेप सांध्यावर कापावा आणि सकाळी रेघेचे दोन भाग किती सरकले ते मोजावं.