गोठ्यातल्या माश्या: आधी ओळखा, मग फवारा

धार काढताना गाय सारखी पाय आपटते, पान्हा चोरते? मग दोष घरमाशीचा नाही. घरमाशीला चावताच येत नाही. ती डोळ्यांच्या कडा, नाक, जखमा चाटत बसते. पाय आपटायला लावते ती चावरी माशी. दोघी दिसायला जवळपास सारख्या, त्यामुळे बरेच जण फसतात. भिंतीवर बसलेली माशी जवळून बघा. तोंडापुढे सुईसारखी काळी सोंड सरळ बाहेर आलेली दिसली, तर ती चावरी. नर-मादी दोन्ही रक्त पितात, बहुतेक पायांचं, आणि पोट भरलं की भिंतीवर, खांबावर जाऊन बसतात. अंगावर चार-दोनच दिसल्या म्हणून त्रास कमी समजू नका.

चरायला सोडलेल्या जनावराला भर उन्हात डसणारी मोठी गोमाशी वेगळी. तिच्यामुळे सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा रोग पसरतो. लम्पी या त्वचारोगाच्या फैलावातही चावणाऱ्या माश्या, डास, गोचीड यांचा हात असतो. तिथे लस हवीच, माश्या मारून लसीचं काम भागत नाही.

आता मुळाशी जाऊ. चावरी माशी अंडी घालते ती शेण-मूत्रात भिजून कुजलेल्या चाऱ्यात: गव्हाणीखाली सांडलेला कडबा, मुरघासाच्या कडेचा सडका थर, पाण्याच्या टाकीभोवतीचा चिखल. हा थर खुरप्याने उकरून बघा. आत पांढऱ्या अळ्या आणि कोरड्या कडेला तांबूस कोष सापडले, तर पुढची पिढी तिथेच तयार होतेय. उन्हाळ्यात घरमाशी आठ-दहा दिवसांत तयार होते, चावरीला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून गव्हाणीखालचा कचरा आठवड्यातून दोनदा काढा, उकिरडा गोठ्यापासून लांब ठेवा आणि प्लास्टिकने घट्ट झाका. आतल्या उष्णतेने अळ्या मरतात. (शेजाऱ्याचा उकिरडा उघडा असेल तर हे पत्रक त्यांनाही द्या.) धारेच्या वेळी पंखा लावला तरी फरक पडतो, वाऱ्यात माशीला नीट बसता येत नाही.

हे न करता नुसती फवारणी करून घेणं म्हणजे पैसे वाया. काही जण अजून डायक्लोरव्हॉस हे कीटकनाशक मागतात. त्यावर देशात 31 डिसेंबर 2020 पासून बंदी आहे. आम्ही फवारणी करणारे ते ठेवत नाही, दुसऱ्या कोणी दिलं तरी घेऊ नका.

फवारणीच्या दिवशी जनावरं बाहेर बांधा, गव्हाणी रिकाम्या करा, दुधाची भांडी घरात न्या. आम्ही भिंती, खांब आणि छताची आतली बाजू फवारतो. जनावराच्या अंगावर लावायचं औषध मात्र पशुवैद्यकाला विचारूनच. दूध किती दिवस बाजूला काढायचं, तेही त्यांनाच विचारा.